काकीने कारखाना वाढवला

भिवंडीतल्या आमच्या कामतघरात आम्हाला आवाजाने नाही, शांततेने जाग यायची. घरांच्या मागे, पुढे, बाजूला, सगळीकडे यंत्रमाग, आणि त्यांचा खडखडाट दिवसरात्र चाललेला. तो इतका अंगवळणी पडला होता की ऐकूच येत नसे. वीज गेली की सगळे माग एका दमात थांबायचे. मग पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागायचं, दुपारी आडवा झालेला म्हातारा उठून बसायचा आणि "काय झाला?" म्हणून विचारायचा. काहीच झालेलं नसायचं, लाइट गेलेली असायची. त्या शांततेत तळ्यावरच्या बगळ्यांचे पंखसुद्धा ऐकू येतात, असं मी एकदा लिहिलं होतं आणि माझ्या मैत्रिणीने ते वाक्य खोडलं होतं. "बगुले नहीं, मच्छर," ती म्हणाली होती.

ही मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी त्या वर्षांत आमच्या वस्तीच्या बातम्यांची साइट चालवली. म्हणजे दोन हजार सालानंतरची ती भारनियमनाची वर्षं. हातात मोबाइल आले होते, पण त्यात इंटरनेट नव्हतं, निदान आमच्या हातातल्यांत नव्हतं. मी टायपिंग क्लासमध्ये मुलींना मराठी टायपिंग शिकवायचे. ती माझ्याबरोबर कॉलेजात होती. तिचे आजोबा उत्तरेतून मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. तिचा जन्म भिवंडीचा, भांडण मराठीतलं, लाड हिंदीतले, आणि रागावली की एकदम अस्सल उर्दू. तिच्या मोठ्या भावाचा सायबर कॅफे होता. त्याच्या पोटमाळ्यावर एक जुना कॉम्प्युटर पडून होता, तो त्याने आम्हाला दिला. दुपारी गिऱ्हाईक नसताना बसा, खाली आवाज येईल असं हसू नका, एवढ्याच त्याच्या अटी. दुसरी अट आम्हाला कधी जमली नाही.

साइटचं पान उभं दुभागलेलं होतं. डावीकडे माझं मराठी, उजवीकडे तिचं हिंदी. नावावरून आम्ही आठवडाभर भांडलो. मला "गल्ली" हवं होतं, तिला "गली", आणि एका ल साठी दोघींपैकी कोणी मागे हटेना. शेवटी तिसरंच नाव ठेवलं. ते इथे सांगत नाही, कारण ते आम्हा दोघींनाही कधी आवडलं नाही.

बातम्या काय, तर आज लाइट किती वाजता जाणार. पाण्याचा टँकर कुठल्या चाळीत आला आणि कुठल्या चाळीत येतो म्हणून सांगून आला नाही. कुणाची बकरी हरवली, कुणाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, रेशनला रॉकेल आलं का. मोठी वर्तमानपत्रं आमच्या गावाकडे फक्त काही पेटलं किंवा कोसळलं की बघायची. मला त्याचा मनस्वी राग यायचा. इथे लाखो माणसं रोज उठतात, चहा पितात, कापड विणतात, त्यांचं काहीच कधी छापायचं नाही का?

साइट वाचणारे थोडे आणि साइटचं छापील पान वाचणारे पुष्कळ, अशी आमची गंमत होती. मैत्रिणीचा भाऊ रोज पानाचे काही कागद छापायचा. एक चहावाल्याच्या टपरीवर चिकटायचा, एक न्हाव्याच्या आरशाशेजारी, उरलेले माणसं उचलून न्यायची. शिफ्ट संपवून आलेले कारागीर कपाळावर कापसाचे तंतू घेऊन टपरीसमोर उभे राहायचे आणि एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वरच्या खिडकीतून मला ते दिसायचं. त्या तंतूंचा एक विरळ धूर गावावर कायम तरंगत असायचा. आमच्या कीबोर्डवर तो रोज नव्याने बसायचा, आणि दुपारच्या उन्हात पोटमाळ्यावर बसलं की वाटायचं, आपण हे सगळं झोपेतच लिहितोय.

आम्ही एकमेकींचं भाषांतर करत नसू. मी माझी बातमी वाचून दाखवायची, ती डोळे मिटून ऐकायची आणि मग आपल्या भाषेत सांगायची. दोन्हीकडची अक्षरं एकच, त्यामुळे फसगत व्हायची. तिने "लड़कियों को शिक्षा" लिहिलं की डावीकडून वाचत आलेला मराठी माणूस विचारायचा, पोरींनी केलं काय? माझा "संसार" तिच्याकडे गेला की सगळं जग व्हायचा. मी कुणाची "चेष्टा" केली तर तिच्या वाचकांना वाटायचं मी कष्ट करतेय. असे शब्द आम्ही डोळ्यांत तेल घालून पकडायचो. पुढे आम्हाला फसवलं ते अशा शब्दाने, जो दोन्हीकडे अगदी एकसारखा होता.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला काकी राहायची. सख्खी नव्हे, पण सख्ख्या काकीला मी इतकी घाबरत नसे. त्यांची खाडीकडची जमीन कधीच गेली होती. आलेल्या पैशातून काकांनी घरामागे पत्र्याची शेड घातली आणि माग बसवले. काका गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही माग विकून मुलीकडे डोंबिवलीला जाणार. काकी तेराव्यानंतर पदर खोचून शेडमध्ये गेली आणि पुढची कितीतरी वर्षं तिथून बाहेर आली नाही, असंच म्हणावं लागेल.

काकीच्या तोंडून वाईट शब्द निघत नसे. शिव्या निघत, आणि त्या भरघोस निघत, पण अशुभ शब्द नाही. ती कधी "जाते" म्हणाली नाही, नेहमी "येते". नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली की वाढली. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. आणि "बंद" हा शब्द तर तिच्या शेडच्या दारातून आत यायला मनाई होती. माग बंद आहे म्हणायचं नाही, माग उभा आहे म्हणायचं. एकदा मी सहज विचारलं, "काकी, आज कारखाना बंद का?" तर तिने हातातला झाडू उगारला. "असा बोलाचा न्हाय गो! तोंड हाय का गटार?"

तिच्याकडे एक कारागीर होता. पोरसवदा असताना उत्तरेतून आला आणि तिच्याच मागावर मोठा झाला. तिला तो अम्मा म्हणायचा. दिवसाची पाळी करायचा आणि नंतर दोन मागांच्या मधल्या जागेत चटई टाकून झोपायचा. इतर कारागीरही असेच राहायचे, नाहीतर एकेका खोलीत आळीपाळीने झोपायचे. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, पण बायको गावीच. वर्षातून एकदा जाऊन भेटायचं. तो दर वेळी गावाहून आला की काकीकडे तोच विषय काढायचा. अम्मा, तिला आणू का? आणि काकी दर वेळी तेच सांगायची. तिचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. "लाएगा किधर? मेरे डोके पे? कारखाना बढ़ने दे, पीछे तेरे वास्ते एक खोली निकालते. फिर ला."

मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते पाठ झालं होतं. त्यालाही झालं असणार, आणि गावी त्याच्या बायकोलाही. कारखाना वाढला की ये, एवढ्या एका वाक्यावर ती बाई तिकडे वर्षं काढत होती.

कारखाना वाढला नाही. सूत महाग, लाइट नाही, कापडाला उठाव नाही. तो कारागीर बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता, तेव्हा उरलेलेही एकेक करून दुसरीकडे गेले, कारण वीज नसताना हात बांधून बसून कुणाचं पोट भरत नाही. काकीचे गुडघे उठताबसता बोलायला लागले होते. वडप्याकडे तेव्हा हायवेला गोदामं उठत होती, आणि तिकडच्या एका माणसाने शेड मागितली. खोकी ठेवायला. माग काढून द्या, जागा साफ करून द्या, महिन्याला भाडं घ्या, तुम्हाला काही बघायला नको.

एका दुपारी ती शिडी चढून आमच्या पोटमाळ्यावर आली. त्या आधी कधी आली नव्हती. चढताना तिने शिडीला, मैत्रिणीच्या भावाला आणि आम्हा दोघींना मिळून ज्या शिव्या दिल्या त्या दोन्ही भाषांत होत्या. मग स्टुलावर बसून पदराने वारा घेतला आणि म्हणाली, "लिव."

"काय लिहू?"

"लिव, काकीने कारखाना वाढवला."

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"एकेकाला दारात उभा राहून सांगाला माजा जीव न्हाय," ती म्हणाली. "सूतवाला येईल, कारागीर येतील, शेजारणी येतील. तू छाप. वाचतील नि समजतील."

ती गेल्यावर मला रडू येत होतं, आणि खोटं कशाला सांगू, त्यातच मला त्या शब्दाचा आनंदही होत होता. दुकान वाढवणं म्हणजे ते बंद करणं. माझी आजीही असंच म्हणायची. मी मैत्रिणीला समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, "पता है. दादा रोज़ मग़रिब के वक़्त बोलते थे, चलो, दुकान बढ़ाओ." तिच्या आजोबांचं उतारवयात छोटंसं कापडाचं दुकान होतं, संध्याकाळच्या नमाजाच्या वेळी ते वाढवायचे. म्हणजे तिच्याकडेही तेच! इतक्या महिन्यांच्या मारामारीनंतर दोन भाषा एका शब्दाशी येऊन शेजारणींसारख्या टेकल्या होत्या. आम्ही दोघी अगदी हरखून गेलो. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही काही बदललं नाही, काही समजावलं नाही. डावीकडे "काकीने कारखाना वाढवला", उजवीकडे "काकी ने कारख़ाना बढ़ाया". खाली तिच्या शेडचा पत्ता. भावाने पान छापलं आणि टपरीवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या दारात चार तरुण उभे होते. काम मागायला.

पाठोपाठ सुताचा एजंट आला, पेढे घेऊन. "काकी, कळवलं पण नाही! किती माग नवे घेतले?" आमच्या आळीतली एक बाई येऊन आधी शेडच्या बाजूने डोकावली आणि मग मला गाठून म्हणाली, "पैसा कुठनं आला गो हिला?" एका उत्साही माणसाने तर साइटवर अभिनंदन पाठवलं, दोन्ही भाषांत, शुद्धलेखनाच्या चुकांसह. मंदीत एका बाईने कारखाना वाढवला, हे वाचून टपरीवर म्हणे लोकांनी दोन दिवस तिचं उदाहरण एकमेकांना दिलं.

बरोबर समजलेली माणसंही होती. म्हातारा न्हावी दुकान सोडून आला, काकीच्या ओट्यावर काही न बोलता बसला आणि उठून गेला. मैत्रिणीच्या आजीने डब्यातून खीर पाठवली, आपल्याकडे दुःखाच्या घरी पिठलंभात पाठवतात तशी. म्हणजे फूट भाषेची नव्हतीच. मराठी म्हातारे आणि हिंदी म्हातारे एकीकडे, मराठी तरुण आणि हिंदी तरुण दुसरीकडे. आम्ही दोघी तरुण असून म्हाताऱ्यांच्या घरात वाढलेल्या, म्हणून आम्हाला वाटलं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

"दुरुस्ती टाकनी पड़ेगी," मैत्रीण म्हणाली. ती संपादक म्हणून माझ्यापेक्षा कडक होती. आम्ही काकीकडे गेलो. काकीने पेढ्याचा खोका तसाच बाजूला ठेवला होता.

"काकी, लोकांना उलटंच कळलंय. साधं लिहू का, की कारखाना..."

"तो शबुद माज्या दारावर नको."

"मग थांबवला म्हणू?"

"थांबवला म्हंजे उद्या चालू होनार का?"

"विसावला?"

"तो काय म्हातारा बैल हाय?"

मैत्रीण हसली, मी हसले, मग काकीही हसली आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. दुरुस्ती राहिली ती राहिलीच. येणाऱ्या प्रत्येकाला ती दारात उभी राहून हाताने नुसती शेड दाखवायची. माणूस आतले उभे माग बघायचा आणि परत जायचा. जे टाळायला तिने बातमी दिली होती तेच तिच्या नशिबी आलं, आणि तेही बिनशब्दांचं.

माग भंगारात गेले. टेम्पो दुपारी यायचा. आमच्या खिडकीतून दिसायचं, माणसं एकेक माग सोडवून बाहेर काढायची आणि मागे जमिनीवर तेलाचा काळा चौकोन राहायचा. काकी प्रत्येकाला हळदकुंकू लावायची. त्या दिवसांत मला विचित्र स्वप्नं पडायची. सगळ्या गावातले माग पाय फुटून तळ्याकडे चालत जातात आणि पाण्यात उतरतात, अजिबात आवाज न करता. मी जागी व्हायचे तर बाहेर तोच खडखडाट, दुसऱ्यांच्या मागांचा. काकीच्या बाजूचा तेवढा तुकडा गप्प. दात पडल्यावर जीभ सारखी तिथेच जाते, तसा माझा कान तिथे जायचा.

शेड रिकामी झाली. वडप्याकडचा माणूस पहिल्या तारखेला खोकी आणणार होता.

आणि मग मैत्रिणीच्या भावाकडे फोन आला. त्याच्याकडे पीसीओही होता, कारागिरांचे निरोप त्याच्याकडेच यायचे. निरोप काकीला होता. तिचा कारागीर निघाला होता. कल्याणला उतरून रिक्षाने येईन, म्हणाला. एकटा नाही. बरोबर बायको आणि मुलगी.

त्याच्या गावचा कुणीतरी इथून घरी गेला होता, आणि त्याने वाटेत खायला घेतलेल्या नानखटाया आमच्या छापील पानात बांधल्या होत्या. पान तिकडे पोहोचलं. वाचलं गेलं.

मी हे काकीला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. मी तिला काका गेले तेव्हाही अशी बघितली नव्हती. "अगो बाय माजे," ती म्हणाली. "मीच बोलले होते ना, वाढला की आन." मग सूप बाजूला सारत, "त्या पोरीने घर सोडला माज्या शब्दावर."

पोटमाळ्यावरून आम्ही कधी इतक्या लांबवर काही पाठवलं नव्हतं. साइट आपल्या वस्तीपुरती, असं आम्हीच पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं.

संध्याकाळी काकी पुन्हा शिडी चढून आली. या वेळी शिव्या न देता. मैत्रिणीसमोर बसली आणि म्हणाली, "तुज्या भाषेत कसा बोलतात, कारखाना... तो?"

मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "बंद हो गया."

आता हा शब्द मराठीतही तोच आहे, हे काकीला काय माहीत नव्हतं? पण मैत्रिणीच्या तोंडून आला म्हणून तिच्या लेखी तो हिंदी होता, आणि परक्या भाषेत अपशकुन लागत नसावा. ती तिथे बसून पुटपुटत राहिली. "बंद हो गया बेटा. बंद हो गया." शाळेत जाणाऱ्या पोरीने कविता पाठ करावी तशी. खाली उतरतानाही म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रिक्षा आली. लाइट गेलेली होती, सगळं कामतघर गप्प. आम्ही दोघी काकीच्या ओट्यावर आधीच जाऊन बसलो होतो, का ते आम्हालाही सांगता आलं नसतं. तो उतरला. मग एक पत्र्याची पेटी उतरली, एक वळकटी, एक लहान मुलगी, आणि शेवटी त्याची बायको, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. तिने काकीच्या पायांना हात लावला आणि आजूबाजूला बघत त्याला काहीतरी विचारलं. तो हसून म्हणाला, "बिजली नहीं है, इसलिए. नहीं तो यहाँ अपनी आवाज़ भी सुनाई नहीं देती." मग ती मुलीला घेऊन नळावर हातपाय धुवायला गेली.

काकी उठून त्याच्यासमोर उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी पदराचं टोक धरलं होतं.

"कारखाना बंद हो गया, बेटा."

ती हे इतक्या स्पष्टपणे म्हणाली की मला वाटलं, आता भिंत तरी पडेल. काही पडलं नाही. तो खाली बघत म्हणाला, "मालूम है, अम्मा."

"किसने बोला?"

"किसी ने नहीं. बढ़ाया लिखा था ना. हमारे यहाँ बनिया रोज़ शाम को दुकान बढ़ाता है."

काकीला ते समजायला वेळ लागला. मलाही. मग तिचा मूळ स्वभाव उसळून आला. "मग आनली कशाला तिला? क्यों लाया रे मुडद्या?"

त्याने नळाकडे बघितलं. तिकडे मुलगी पाण्याशी खेळत होती आणि आई तिला दटावत होती. "काग़ज़ उसने पढ़ा, अम्मा. अम्मी के सामने, सबके सामने, एक-एक अक्षर जोड़ के. बनिये की दुकान वो भी जानती है. लेकिन उस दिन उसने वही पढ़ा जो मैं इतने बरस से बोलता आया था. और हँस दी. मेरे सामने ऐसे कभी नहीं हँसी थी." त्याने पत्र्याची पेटी ओट्याशी सरकवली. "फिर मुझसे बोला नहीं गया. काम तो मिल जाएगा, लूम बहुत हैं इधर. खोली नहीं है. दो-चार रोज़ घुमा के वापस छोड़ आऊँगा."

माझ्या मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला होता.

तेवढ्यात त्याची बायको तोंड पुसत आली. पदर आता मागे सरकला होता. अगदी साधा, प्रवासाने उतरलेला चेहरा, पण डोळे इतके उजळ की बघवेनात. तिने भीतभीत काकीला विचारलं, "अम्मा, नया वाला किधर है?"

तो पुढे झाला, बहुतेक काहीतरी सावरायला. काकीने त्याला हाताने बाजूला केलं. कमरेची किल्ली काढली, शेडचं कुलूप उघडलं आणि दोन्ही दारं आत ढकलली. आत पत्र्यांच्या फटींतून ऊन आलं होतं आणि त्यात उरलेसुरले तंतू तरंगत होते. लांबच्या लांब रिकामी जमीन. एक माग नाही, एक माणूस नाही. इतकी जागा तिथे होती, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

काकीने तिचं मनगट धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं.

"ये देख," काकी म्हणाली. "देख, कितना बड़ा हो गया."

ती बाई उभी राहिली. तिला काय कळलं, किती कळलं, मी आजही सांगू शकत नाही. तिने एकदा मागे वळून नवऱ्याकडे बघितलं, आणि तो दाराच्या चौकटीला धरून मान खाली घालून उभा होता. मुलगी मात्र धावत सुटली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिच्या पायांचा आवाज पत्र्यावर घुमायला लागला. बाई हळूहळू चालत कोपऱ्यापर्यंत गेली, जिथे वर एक झरोका होता. पायाने जमीन चाचपली. तेलाचा डाग ओलांडून पलीकडे झाली. मग तिथूनच तिने विचारलं, "चूल्हा इधर रखूँ, अम्मा?"

"वारा त्या बाजूने येतो," काकी मराठीत म्हणाली. "हिकडं ठेव."

मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्यावरच खेकसली. "बघत काय उभी रायलीस? जा, तुज्या त्या दुकानातनं वडप्यावाल्याला फोन लाव. सांग, जागा भरली."

मी कॅफेत गेले आणि फोन लावला. वडप्यावाला भयंकर चिडला. पहिली तारीख तोंडावर, शब्द दिलेला, त्याची खोकी हायवेवर पडून. हे सगळं त्याने मला ऐकवलं आणि त्याचं काही चूक नव्हतं. मग म्हणाला, "असा कसला माल ठेवलाय तिथे?"

मी म्हटलं, "घरचाच आहे."